ल्यों, १८३१ : एका बंडाचे नामकरण

इंग्लंडमधील ए-लेव्हल परीक्षेत फ्रेंच घेणाऱ्या विद्यार्थ्यास तोंडी परीक्षेसाठी स्वतंत्र अभ्यासाचा एक विषय निवडावा लागतो. विषय फ्रेंचभाषी समाजाशी निगडित असावा एवढीच मुख्य अट. दोन मिनिटांत त्याची मांडणी करावयाची आणि पुढील नऊ-दहा मिनिटे परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, असा क्रम असतो. तिकडे स्थायिक झालेल्या एका परिचित मराठी कुटुंबातील मुलीने ‘इतिहासातील सामाजिक असंतोष’ या सदराखाली ल्यों शहरातील १८३१ चा उठाव निवडला व आपले टिपण प्रस्तुत लेखकाकडे पाहावयास पाठविले. त्याचे पहिले वाक्य मराठीत असे होईल : ‘१८३१ साली ल्यों येथील रेशीमकामगारांनी कारखानदारांविरुद्ध बंड केले.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. अडचण त्यातील तीन नामांची होती. तिच्या फ्रेंच वाक्यात ती ‘कानू’, ‘फाब्रिकां’ आणि ‘रेव्होल्त’ अशी होती, आणि त्यांतील एकही नाम वरवर दिसते तितके सरळ नाही.

प्रथम ‘फाब्रिकां’ हा शब्द घेऊ. त्याचा कोशगत अर्थ ‘निर्माता’. तथापि ल्योंचा फाब्रिकां स्वतः काहीच निर्माण करीत नसे. त्याच्या मालकीचा एकही माग नसावयाचा. तो कच्चे रेशीम विकत घेई, नक्षी ठरवी, काम विणावयास बाहेर देई आणि तयार कापड विकी. ‘फाब्रिक’ हा शब्दही ल्योंमध्ये एखाद्या इमारतीचा वाचक नव्हता. शहरातील सबंध रेशीमधंद्यास मिळून ते नाव होते. प्रत्यक्ष विणकाम चाले ते ‘शेफ दातेलिए’ या घरधन्याच्या राहत्या घरात. दोन, चार, क्वचित सहा माग त्याच्या स्वतःच्या मालकीचे असत. बायकामुले हाताखाली राबत, आणि जोडीला ‘कोंपान्यों’ म्हणजे रोजंदार विणकर असे. फाब्रिकांकडून मिळणाऱ्या मजुरीपैकी साधारणतः निम्मी या कोंपान्योंला द्यावी लागे. असे घरधनी शहरात सुमारे ८ हजार होते, असे सामान्यतः सांगितले जाते.

तेव्हा ‘कारखानदार’ आणि ‘कामगार’ हे आपले नेहमीचे जोडशब्द येथे सपशेल दिशाभूल करतात. उठावात पुढे असलेला मनुष्य अनेकदा मागाचा मालक होता! इचलकरंजीच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. व्यापाऱ्याचे सूत घेऊन स्वतःच्या मागांवर मजुरीने कापड विणून देणाऱ्यास तेथे ‘खर्चीवाला’ म्हणतात, आणि शेफ दातेलिएला याहून जवळचा मराठी प्रतिशब्द मला तरी सुचत नाही. काळ आणि यंत्र भिन्न आहेत हे खरे. परंतु मालकही आणि मजूरही, अशी जी दुहेरी अवस्था आहे, ती तीच आहे.

या घरधन्यांची मागणी एकच होती : प्रत्येक जातीच्या कापडाला किमान मजुरीचा ठरलेला दर असावा. त्या दरपत्रकाला फ्रेंचमध्ये ‘तारिफ’ म्हणतात. हा शब्द इटालियनमार्गे अरबीतून फ्रेंचमध्ये गेला. मूळ अर्थ ‘माहिती देणे, जाहीर करणे’. त्याच अरबी शब्दाने फारसीमार्गे मराठीत येऊन ‘तारीफ’ हे रूप धारण केले आणि वर्णनावरून स्तुतीचा अर्थ घेतला. एकाच घरातील दोन भाऊ दोन देशांत जाऊन एक कारकून व्हावा आणि दुसरा भाट, तसा हा प्रकार आहे.

१८३१ च्या ऑक्टोबरात प्रीफेक्ट बुव्हिए-द्युमोलार याने उभय पक्षांचे प्रतिनिधी एकत्र आणले, आणि २५ ऑक्टोबर रोजी दरपत्रक मान्य झाले. १ नोव्हेंबरपासून ते अमलात यावयाचे होते. परंतु अनेक फाब्रिकांनी ते मानण्याचे नाकारले. आपल्या नावाने सह्या करण्याचा अधिकार प्रतिनिधींना नव्हताच, असे त्यांचे म्हणणे. पॅरिसमध्ये काझिमीर पेरिए याचे मंत्रिमंडळ होते. प्रीफेक्टाने मजुरीच्या व्यवहारात हात घालावा हेच त्यास मुळात मान्य नव्हते. अखेर नोव्हेंबरच्या मध्यास प्रीफेक्टासही खुलासा करावा लागला की, दरपत्रकास कायद्याचे बळ नाही, ते केवळ सचोटीचे बंधन आहे. माझ्या मते या सबंध प्रकरणाचा मर्मबिंदू येथे आहे. विणकरांनी ज्या कागदाला करार समजून मागांवर काम चालू ठेवले होते, त्याचे रातोरात नुसते वचन झाले. रक्त सांडले ते त्यानंतर.

२१ नोव्हेंबर रोजी क्र्वा-रूसच्या टेकडीवरून विणकर शहराकडे उतरू लागले. ही वस्ती तेव्हा ल्योंबाहेरील स्वतंत्र गाव होती. १८५२ साली ती शहरात समाविष्ट झाली. झाकारचे उंच माग मावावेत म्हणून तेथील घरांची छते चार-चार मीटर उंच बांधलेली असत. उतारावर राष्ट्रीय रक्षकदलाशी चकमक झाली, गोळीबार झाला, आणि काळे निशाण उभारले गेले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, अशा आशयाची त्यांची घोषणा प्रसिद्धच आहे. २३ तारखेस सैन्य शहर सोडून गेले. उभय पक्षांचे मिळून सुमारे ६०० लोक ठार वा जखमी झाले होते. येथवरचा वृत्तांत कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. पाठ्यपुस्तके ज्यावर फारसे रेंगाळत नाहीत, ते पुढचे आहे. शहर हाती आल्यावर या लोकांनी त्याचे केले काय? त्यांनी नवे राज्य पुकारले नाही. प्रीफेक्ट आपल्या जागी राहिला, आणि विणकरांनी मालमत्तेवर पहारे बसविले. दहा-बारा दिवसांनी, ३ डिसेंबरला, मार्शल सुल्त आणि युवराज ऑर्लेआंचा ड्यूक सुमारे २० हजार सैन्यानिशी शहरात आले. दरपत्रक रद्द झाले. प्रीफेक्ट बडतर्फ झाला.

आता यास नाव काय द्यावयाचे? मुलीने नेमके हेच विचारले : ‘काका, मग मी म्हणू तरी काय?’

‘एमत’ म्हणावे, तर तो सरकारी शब्द आहे. ‘हलविणे, क्षुब्ध करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आहे. गर्दी खवळली, ओसरली, एवढेच तो सांगतो. गर्दीला काही म्हणावयाचे होते हे सांगत नाही. मराठी ‘दंगा’ त्याला बरोबर जुळतो. ‘रेव्होल्युस्यों’ म्हणावे, तर विणकरांनी राज्यव्यवस्थेला हात लावला नव्हता. पण येथे एक गंमत आहे. अवघ्या सोळा महिन्यांपूर्वी, जुलै १८३० मध्ये, पॅरिसच्या लोकांनी तीन दिवस रस्ते अडवून एक राजा घालविला आणि दुसरा बसविला. त्यास ‘क्रांती’ हे नाव त्या नव्या राजाच्या सरकारनेच मोठ्या अभिमानाने दिले. रस्त्यावरचा अडसर तोच. ज्याचे राज्य त्यावरून आले त्याला तो क्रांतीचा वाटला, आणि पुढच्याच वर्षी दंग्याचा.

‘अँस्युरेक्स्यों’ या शब्दाची प्रतिष्ठा निराळी. १७९३ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने, शासन हक्कांचा भंग करील तेव्हा उठाव हा जनतेचा पवित्रतम हक्क व सर्वांत अपरिहार्य कर्तव्य ठरविला होता. म्हणून हा शब्द बंडखोरांच्या मित्रांचा असावा अशी आपली अपेक्षा होते, पण ती टिकत नाही. ल्योंच्या या उठावांचा मोठा इतिहास १८३४ साली लिहिला तो मोंफाल्कों या विरोधी मताच्या डॉक्टराने, आणि त्याच्या शीर्षकात हाच शब्द आहे. उलट बडतर्फ प्रीफेक्टाने स्वतःच्या समर्थनार्थ जे निवेदन छापले, त्याच्या शीर्षकात नुसत्या ‘घटना’ आहेत. अडचणीत सापडलेल्या अधिकाऱ्याला हा शब्द नेहमीच सोयीचा वाटतो. अल्जीरियातील युद्धही फ्रेंच कायद्याच्या भाषेत १९९९ पर्यंत ‘युद्ध’ नव्हते.

‘ग्रेव्ह’ म्हणजे संप, हा शब्द मुलीच्या टिपणात दोनदा आला होता. तो मी काढावयास सांगितला. पॅरिसमधील नदीकाठच्या ग्रेव्ह चौकात काम मिळावे म्हणून मजूर उभे राहत; त्यावरून आलेल्या या शब्दाचा मूळ रोख काम शोधण्याकडे होता, काम थांबविण्याचा अर्थ मागाहून चिकटला. त्या काळच्या कायद्याचा शब्द होता ‘कोआलिस्यों’, म्हणजे एकत्र येणे. १७९१ च्या ल शापलिए कायद्यापासून तो अपराध होता, तो १८६४ मध्ये उठला. येथे आपला ‘संप’ आठवतो. गुजरातीत त्याचा अर्थ आजही एकोपा असाच आहे. मराठीने मात्र एकोप्याचे नाव त्याच्या परिणामाला दिले.

राहिला ‘कानू’. या शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. मागावरील कांडीच्या नावाशी त्याचा संबंध असावा, असा एक तर्क आहे. गरिबीमुळे चांदीच्या मुठी विकून ‘उघड्या काठ्या’ घेऊन फिरणाऱ्या विणकरांवरून तो आला, ही गोष्ट ल्योंमध्ये चवीने सांगतात. ती निव्वळ लोकव्युत्पत्ती होय. निश्चित आहे ते एवढेच की, त्या काळी तो हिणविण्याचा शब्द होता. विणकरांचे साप्ताहिक ‘लेको द ला फाब्रिक’ १८३१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे उठावाच्या तोंडावरच, निघाले. त्याने १८३२ साली एक स्पर्धाच जाहीर केली : ‘कानू’ऐवजी साऱ्या रेशीमविणकरांना शोभेल असे नवे नाव सुचवा. वाचकांनी नावे सुचविली. एकही रुजले नाही. उठावानंतर थोड्याच दिवसांत ‘जूर्नाल दे देबा’मध्ये सें-मार्क जिरार्दँने लिहिले होते की, समाजाला धोका असलेले रानटी लोक दूरच्या गवताळ मैदानांत नसून आपल्याच औद्योगिक शहरांच्या उपनगरांत आहेत. ज्यांना ‘रानटी’ म्हटले जात होते ते लोक वर्षभराने शांतपणे शब्दस्पर्धा चालवीत होते, ही गोष्ट १८३१ च्या कोणत्याही वर्णनात मला महत्त्वाची वाटते.

म्हणजे आज जगभर रूढ असलेल्या ‘रेव्होल्त दे कानू’ या नावातील ‘कानू’ तर त्या लोकांना नकोसाच होता, आणि ‘रेव्होल्त’ त्यांच्या मागणीबद्दल एक अक्षरही बोलत नाही. एप्रिल १८३४ मध्ये ल्यों पुन्हा पेटले, ते संघटनांवरील नव्या निर्बंधांच्या वेळी; तो उठाव तोफांनी मोडला गेला. दोन्ही प्रसंग एकाच नावाखाली बांधल्याने १८३१ चा दरपत्रकाचा प्रश्न आणखीच पुसट झाला.

मुलीने टिपण बदलले. आरिस्तीद ब्रुआंच्या गीताचा आधार तिने काढून टाकला. ते १८९४ चे आहे आणि उठावकाळचा पुरावा म्हणून चालत नाही. पहिल्या वाक्यात ‘ज्याला रेव्होल्त दे कानू म्हणतात’ एवढी भर पडली, आणि दुसऱ्या वाक्यात, परीक्षकाने विचारण्याच्या आधीच, तारिफ आला. तिने शेवटी विचारले की, आज ल्योंमध्ये हा शब्द वापरलेला चालतो का. चालतो, असे मी कळविले. क्र्वा-रूसवर ‘कानूंचे घर’ नावाचे संग्रहालय आहे, त्यांच्या नावाचा हमरस्ता आहे, आणि तेथील खानावळींत ताज्या चीजमध्ये लसूण व हिरवी पाने घालून केलेले एक तोंडीलावणे मिळते, त्याचे नाव ‘सेर्व्हेल द कानू’, म्हणजे कानूचा मेंदू.