कोंबडा की तलंग?

पिल्लू कवच फोडून बाहेर आले की पाळणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: त्याची जात कोणती आणि ते नर की मादी. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, हे समजायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. आपण मागे जाऊ लागलो, तर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या ॲरिस्टॉटलपाशी पोचतो. उबवणीची अंडी फोडून, आतल्या पिल्लाची वाढ त्याने मोठ्या बारकाईने नोंदवली होती. लिंगाबद्दल मात्र तो सांगतो, की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोलसर अंड्यातून नर. पुढे पहिल्या शतकात शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला याच्या नेमका उलट सल्ला देतो: कोंबडे हवे असतील तर रवणीला लांब, टोकदार अंडी ठेवा. अंड्याच्या आकाराचा आतल्या जीवाच्या लिंगाशी काही संबंध नसतो, तरीही ही समजूत शतकानुशतके टिकली.

वळण आले ते एकोणिसाव्या शतकात, कोंबड्यांच्या जाती नोंदवून, जपून वाढवल्या जाऊ लागल्या तेव्हा. 1849 मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. पुढे 1869 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टर इथे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची बार्ड प्लिमथ रॉक लोकांसमोर आली. आपल्या कथेत हिचे स्थान फार मोठे आहे. हिचे एक दिवसाचे पिल्लू काळे असते आणि डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. नरात तो मोठा आणि विस्कटलेला, मादीत लहान आणि रेखीव. पण खरा उलगडा संकरातून झाला. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम स्पिलमनने 1908 मध्ये दाखवून दिले, की पट्ट्यांचा हा गुण लिंगाशी बांधलेला आहे. पट्टेरी कोंबडी तो फक्त आपल्या मुलांना देते, मुलींना नाही. म्हणून ऱ्होड आयलंड रेड या बिनपट्ट्यांच्या जातीचा कोंबडा आणि पट्टेरी रॉकची कोंबडी यांची जोडी लावली, की डोक्यावर ठिपका असलेली पिल्ले नर आणि नसलेली माद्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची चणचण होती, तेव्हा केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटने हेच ज्ञान पुढे आणले. अंडी न देणाऱ्या नरांना महिनोन्‌महिने दाणे कशाला घालायचे, हा त्याचा रोकडा प्रश्न होता. मात्र संकराची ही खूण एकाच पिढीपुरती चालते. म्हणून 1929 मध्ये त्याने आणि मायकेल पीजने पट्टेरी रॉक आणि गोल्ड कॅम्पाइन यांच्यापासून कॅम्बार ही जातच घडवली, जिच्यात नर पिल्लाची लव मादीपेक्षा फिकट असते आणि ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जात आणि लिंग एकाच नजरेत ओळखता यावे, ही कल्पना मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत सुंदर वाटते.

पण पांढऱ्या जातींच्या एकरंगी पिल्लांचे काय? त्याचे उत्तर जपानने दिले. कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकात दाखवले, की दिवसाच्या पिल्लाची गुदद्वाराची जागा अलगद उलगडली तर नरात टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो. 1927 मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही पद्धत जगापुढे आली. प्रखर दिव्याखाली डाव्या हातात पिल्लू धरायचे, हलके दाबून विष्ठा काढायची, अंगठ्याने ती जागा उलगडायची आणि क्षणात निर्णय घेऊन पिल्लू योग्य पेटीत सोडायचे. काही माद्यांतही तसा उंचवटा असतो, म्हणून नजर बसायला दीर्घ सराव लागतो. तयार हात तासाला हजारभर पिल्ले वेगळी करतात. जपानी तज्ज्ञांनी हे कसब अमेरिकेत नेले आणि 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॅन्सडेल इथे त्याची शाळा निघाली. पुढे पंखांच्या पिसांवरून, म्हणजे मादीची पिसे लवकर आणि नराची सावकाश फुटतील अशा वाणांतून, हे काम आणखी सोपे झाले.

या कौशल्याची एक काळी बाजू आहे. अंड्यांसाठीच्या वाणांतले ओळखलेले नर बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून त्यावर बंदी घातली आणि उबवणीच्या काळातच अंड्याची तपासणी करून लिंग ओळखण्याच्या तंत्रांना जोर आला.

आपल्याकडच्या परसात मात्र यातले फारसे काही चालत नाही. कडकनाथचे पिल्लू काळ्या कातडीवरून, चोचीवरून, पायांवरून लगेच ओळखू येते, पण नर-मादी सारखेच दिसतात. गावरान रवणीत तर एकाच कोंबडीखालची पिल्ले काळी, तांबडी, ठिपक्यांची अशी निघतात. आई-बापांचे वाण ठाऊक नसताना रंगाची खूण निरुपयोगी ठरते. मग तुरा कोणाचा आधी लालसर होतो हे पाहत बसावे लागते. पुढे नराच्या मानेवर आणि शेपटीजवळ लांब, टोकदार, चकाकती पिसे येतात, तलंगेची, म्हणजे तरुण कोंबडीची, गोलसर राहतात. नर-मादी ओळखायला असे आठवडे जातात, हे राज्याच्या कुक्कुट विकास योजनेतही दिसते: एक दिवसाच्या पिल्लांचा गट नुसता 100 चा, आणि आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मात्र 25 माद्या व 3 नर असा मोजून दिलेला. दहा-पंधरा पक्षी सांभाळणाऱ्या बाईला या दोन महिन्यांचे खाद्य परवडत नाही. ऱ्होड आयलंड रेड आपल्या सरकारी प्रक्षेत्रांवर जुनाच आहे. त्याला पट्टेरी मादीची जोड देऊन ठिपक्यावरून ओळखता येणारी पिल्ले परसासाठी मुद्दाम तयार करायला हवीत, असे मला मनापासून वाटते.