बारा ते पाच



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आम्हांला दिला गेला. आपल्या खारघरातली काही उत्साही मंडळी एप्रिलअखेरीस मोकळ्या मैदानावर संगीताचा कार्यक्रम करायचं म्हणताहेत. पत्रिकेचा मसुदा आम्हांला दाखवला. त्यात वेळ होती दुपारी चार. सोबत एक प्रश्नही होता, "सर, त्या दिवशी पाऊस नाही ना येणार?" तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हवामान विचारायचं म्हणजे न्हाव्याला दातदुखी दाखवण्यासारखं आहे. पण पूर्वी न्हावी दातही काढत असत, तेव्हा हरकत नाही.

प्रश्न चुकीचा होता, इथून सुरुवात करू. मोकळ्यावर कार्यक्रम ठरला की आपल्या डोक्यात पहिला येतो तो पाऊस. ताडपत्री कुठून आणायची, साउंडवाल्याच्या मशीनवर काय झाकायचं, हे सगळं सुचतं. ऊन मात्र आपण गृहीत धरतो. पाऊस कार्यक्रम मोडतो, ऊन मोडत नाही. उन्हात कार्यक्रम व्यवस्थित पार पडतो, आणि माणसं पडतात. हे आपल्या खारघरइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला माहीत असायला नको.

१६ एप्रिल २०२३. रविवार होता. कॉर्पोरेट पार्कच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा समारंभ झाला. केंद्रीय गृहमंत्री उपस्थित होते, लाखोंचा समुदाय होता. कित्येक जण आदल्या रात्रीपासून येऊन बसले होते. व्यासपीठावर छप्पर होतं, समोर बसलेल्या माणसांवर आभाळ होतं. भर दुपारी समारंभ संपला. त्यानंतर मृतांचा आकडा वाढत वाढत १४ वर थांबला. चेंगराचेंगरी झाली की नाही, यावर पुढे राजकीय वाद झाले. आम्ही त्यात शिरत नाही. उष्माघात झाला, हे कुणी नाकारलं नाही. मृतांच्या नातेवाइकांना ५ लाख रुपये जाहीर झाले, चौकशी नेमली गेली, आणि ऊन ओसरेपर्यंत दुपारी बारा ते पाच मोकळ्या जागेत कार्यक्रम नकोत असं सरकारने जाहीर केलं. हे बारा ते पाच लक्षात ठेवा. आपल्या पत्रिकेतले चार त्यात बसतात.

आता एक लहानशी गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच वर्षी २४ मार्चला हाच पुरस्कार आशा भोसले यांना देण्यात आला. तोही मोकळ्यावरच, गेट वे ऑफ इंडियापाशी, पण संध्याकाळी. दोन समारंभांत दिवस फक्त तेवीस. पुरस्कार तोच, सरकार तेच. गर्दीचा आकार वेगळा, हे मान्य. लाखो माणसांना रात्री घरी पोचवणं अवघड, म्हणून दिवसाची वेळ घेतली असेल, हेही आम्ही समजू शकतो. पण मग वेळ ठरवताना कुणाच्या सोयीचा हिशेब झाला आणि कशाचा राहून गेला, हा प्रश्न उरतोच.

त्या दिवशी परिसरातलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदलं गेलं. आमच्या ओळखीचे एक विदर्भातले गृहस्थ तेव्हा म्हणाले, "अडतीस? आमच्याकडे अडतीसला स्वेटर काढतात." विनोद चांगला आहे, पण त्यात दोन चुका आहेत. त्या समजून घेणं हाच हवामानाच्या तयारीचा अर्धा अभ्यास आहे.

पहिली चूक अशी. हवामान खात्याचा तापमापक उन्हात नसतो. तो असतो एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून वर, सावलीत, वारा खेळता ठेवून. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे ते त्यांचे चिरंजीव. म्हणजे ३८ हा आकडा त्या पेटीतल्या पाऱ्याचा आहे. मैदानावर, डोक्यावर सूर्य, खाली तापलेली माती, चारी बाजूंना खेटून बसलेली माणसं आणि कोंडलेला वारा, तिथल्या आजीबाईंचा तो आकडा नव्हे.

दुसरी चूक दमटपणाची. शरीर थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. नागपूरच्या कोरड्या हवेत तो वाळतो. पनवेलच्या खाडीकाठच्या हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो. म्हणून हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचे निकषच वेगळे ठेवले आहेत. मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून विचार सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ पासून, आणि शिवाय तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावं लागतं. ही दुसरी अट मोठी फसवी आहे. निकषात न बसणारा दिवससुद्धा उघड्यावर चार तास बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. 'लाटेचा इशारा नव्हता' आणि 'धोका नव्हता' ही दोन वेगळी विधानं आहेत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकवायचो, फक्त उदाहरणं कावळ्यांची असायची.

अमेरिकी मरीन सैनिक प्रशिक्षणात उन्हाने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात तिथे एक वेगळं मोजमाप तयार झालं. त्यात ओल्या फडक्यातल्या पाऱ्याला दहापैकी सात भाग वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याला दोन, आणि आपल्या नेहमीच्या तापमानाला फक्त एक. आपण टीव्हीवर जो आकडा बघून निर्णय घेतो, त्याला तिथे एक दशांश मान.

आता खारघरचं. मुंबईकडचा उन्हाळा सुसह्य होतो तो खाऱ्या वाऱ्यामुळे. सकाळी उशिरा समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा थोपवतो. पण ज्या दिवशी पूर्वेकडून, घाटाकडचे वारे जोरात असतात, त्या दिवशी हा वारा अडून बसतो, दुपार उलटल्यावर येतो. तेवढ्या अवधीत पारा भराभर चढतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले होते. आपण तर समुद्रापासून आणखी आत, एका बाजूला डोंगर घेऊन बसलेलो. पांडवकडा या दिवसांत कोरडा ठणठणीत असतो, त्याच्याकडे बघून गारवा वाटत नाही. तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मोबाईलवर फक्त अंश बघू नका. वारा कुठून आहे आणि तो कधी फिरणार, ते बघा.

एवढं झालं शास्त्र. पण आम्हांला इथे इतिहासावर बोलायला सांगितलंय, आणि इतिहास असा आहे की महाराष्ट्रात उन्हाळ्यात मोकळ्यावर गाणं-बजावणं करण्याची परंपरा चांगली जुनी आहे. तिला आपण 'महोत्सव' म्हणत नव्हतो इतकंच. चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा! रब्बीचं पीक घरात आलेलं, रानं मोकळी, हातात चार पैसे आणि पाऊस अजून लांब. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, फड बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. ही आपली बुकिंगची पद्धत.

आणि जत्रेचं वेळापत्रक पाहा. पहाटे-सकाळी देवाचं. ऊन चढलं की जेवणं आणि झाडाखाली आडवं होणं. ऊन उतरलं की कुस्त्यांचा आखाडा. तमाशा रात्री, पूर्वी टेंभ्यांच्या आणि मग गॅसबत्तीच्या उजेडात, पार उजाडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. बारा ते पाच या वेळात त्या वेळापत्रकात काहीही नाही! कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. दशावतारही रात्रीचाच. उघड्यावरच्या कलेने आपल्याकडे सूर्याशी कधी स्पर्धा केली नाही.

म्हणून 'पूर्वीचे लोक शहाणे' असं म्हणायला आम्ही तयार नाही. त्याच जत्रा-यात्रांतून पटकीच्या साथी पसरत आणि माणसं मरत. पाण्याची व्यवस्था त्यांना जमली नव्हती, उन्हाची जमली होती. आपल्याला नळाचं पाणी जमलं आणि ऊन विसरलं.

विसरलो कसे, याचं एक कारण आमच्या लक्षात येतं, आणि ते थोडं अडचणीचं आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहे. आमची खिडकी रस्त्यावर उघडते, आम्ही त्याचे लाभार्थी आहोत. पण परिणाम बघा. उन्हाळ्यात मोकळ्यावर गाणं करायची जी हजारो वर्षांची स्वाभाविक वेळ, रात्र, ती कायद्याने आखडली. तमाशाला ते फार जड गेलं. मग कार्यक्रम दिवसाकडे सरकले. एका बाजूने दहाचा ठोका, दुसऱ्या बाजूने बारा ते पाचचं ऊन. मधे उरते सहा ते दहा ही अरुंद पट्टी. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालतो, तोही रात्र रात्र रंगायचा. आता तिथेही घड्याळ बघावं लागतं. पण तो डिसेंबरात असतो, दुपारी तीनलाही मंडपात सुखाने बसता येतं. एप्रिलमध्ये त्याची नक्कल करता येत नाही.

यात एक गंमत आहे. आपल्या संगीतात वृंदावनी सारंगासारखे खास दुपारचे राग आहेत. ते उन्हात बसून ऐकायला कुणी केले असतील असं आम्हांला वाटत नाही. माजघरात, वाळ्याच्या पडद्याआड, सुस्तावलेल्या वेळी ते जन्मले असावेत. हा आमचा तर्क, पुरावा मागू नका.

आता आमचाच एक गुन्हा कबूल करतो. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत आम्ही होतो. मे महिन्यात गच्चीवर गायनाचा कार्यक्रम ठरला. वेळ साडेचार आम्हीच सुचवली, कारण साडेसातला लोकांना क्रिकेटची मॅच होती. वर हिरवी जाळी बांधली. जाळी झाडांसाठी असते, माणसांसाठी नव्हे, हे तेव्हा कळलं. कोरड्या उन्हात तबल्याचं चामडं ताणलं जाऊन सूर चढू लागला, तंबोऱ्याच्या तारा तापून उतरू लागल्या. कलाकार हातोडी घेऊन ठोकताहेत, गायिका डोळे मिटून वाट बघताहेत. लोक हसत होते. मग तिसऱ्या रांगेतल्या, आमच्याहून मोठ्या असलेल्या एक बाई शांतपणे शेजारणीच्या खांद्यावर कलंडल्या. त्यांना झोप लागली असं आम्हांला वाटलं. पाच मिनिटं आम्हांला असंच वाटत होतं. जिन्यात नेलं, ओल्या चादरी टाकल्या, पंखा लावला, तेव्हा त्या बोलू लागल्या. त्यांनी दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं, कारण गच्चीवर बाथरूम नव्हतं. "मधेच उठून खाली जायचं म्हणजे गायिकेचा अपमान," असं त्या म्हणाल्या.

हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. वय वाढलं की तहान कमी लागते, हे शरीराचं झालं. पण श्रद्धेने किंवा रसिकतेने बसलेला माणूस उठत नाही, हे मनाचं आहे, आणि तयारी करणाऱ्याने तेही मोजलं पाहिजे. १६ एप्रिलला मैदानावर बसलेले श्रीसेवक शिस्तीचे होते. बेशिस्त गर्दी कदाचित अकरालाच सावली शोधत पांगली असती.

१७५५ च्या १ नोव्हेंबरला लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला. व्होल्तेरने त्यावर कविता लिहून ईश्वरी व्यवस्थेलाच जाब विचारला. रूसोने त्याला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की वीस हजार सहा-सात मजली घरं तिथे दाटीने बांधली ती काही निसर्गाने नव्हेत. विसाव्या शतकात ज्युडिथ श्क्लार या विदुषीने हाच धागा पुढे नेला. दुर्दैव कशाला म्हणायचं आणि अन्याय कशाला, ही रेषा निसर्ग आखत नाही, आपण आखतो, आणि बहुधा ज्यांना सोयीची तेच आखतात. खारघरनंतर 'ऊनच फार होतं' हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकलं. ऊन होतंच. त्या एप्रिलमधला दमट उकाडा हवामानबदलामुळे निदान तीसपट संभाव्य झाला होता, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने महिन्याभरात काढला. पण सकाळी नऊ आणि दुपारी एक यांतली निवड हवामानबदलाने केलेली नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रिओ दि जानेरोला टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात एक तरुण मुलगी उकाड्याने गेली. आत पाण्याची बाटली नेऊ देत नव्हते. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सरकारने बाटली नेऊ द्यायचा आदेश काढला. एक बाटली!

तर, आपल्या पत्रिकेकडे येऊ. चार खोडून साडेसहा करा, आणि साडेनऊला आवरा. किंवा पहाटे साडेसहाला सुरू करून नऊला संपवा, भैरव-तोडीला कुणाची ना नाही. मंडपाला वर कापड दुहेरी, बाजू उघड्या. पाणी मागच्या टेबलावर ठेवू नका, रांगांमधून फिरवा, कारण उठायचं नाही असं ठरवून आलेले लोक असणार. स्वच्छतागृह जवळ आणि दिसेल असं हवं, विशेषतः बायकांसाठी. ओल्या चादरी, बर्फ आणि पंखा एका सावलीच्या जागी तयार ठेवा. उष्माघातात आधी गार करायचं, मग रुग्णालयात न्यायचं, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला की ती धोक्याची खूण समजा. आम्ही असंबद्ध बोललो तर मात्र घाबरू नका, ती सवय आहे.

आणि कार्यक्रम रद्द करायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, तोही आदल्या दिवशी संध्याकाळी, शांत डोक्याने. पाहुणे आले, फुलं आली, की मग कुणालाच तो निर्णय घेता येत नाही. तो माणूस कोण, हे आज इथून उठायच्या आत ठरवा. आमचं नाव सुचवू नका, आम्ही साडेचारवाले.

प्रश्न असतील तर घेऊ. मागे कुणीतरी हात वर केलाय... हो, बोला काकू.