गाण्याला चेहरा देणारा माणूस

गाणे कुणी गायले हे आपण चटकन सांगतो. चाल कुणाची, शब्द कुणाचे, हेही जरा आठवून सांगता येते. पण तेच गाणे पडद्यावर ज्याने दाखवले, गायकाला कुठे उभे करायचे, त्याच्या अंगावर कोणते कपडे असावेत, कुठल्या ओळीला त्याने आपल्याकडे पाहावे हे ज्याने ठरवले, त्याचे नाव विचारले तर आम्ही गप्प बसतो. 'छायागीत' आणि 'चित्रहार' पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला गाणे ऐकण्याइतकीच पाहण्याचीही गोष्ट आहे हे पक्के ठाऊक होते. तरी हे नाव मात्र आम्ही कधी विचारले नाही.

आम्हाला येथे शोएब मन्सूर या पाकिस्तानी दिग्दर्शकाविषयी लिहायचे आहे. आजच्या वाचकाला ते 'खुदा के लिए' आणि 'बोल' या चित्रपटांमुळे माहीत असतील. पण आमच्याकडच्या अनेक घरांत त्यांचे काम त्याच्या कितीतरी आधी येऊन गेले होते. ऐंशीच्या दशकात रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आखातात गेलेली माणसे सुट्टीवर येताना व्हीसीआर आणि कॅसेटी घेऊन येत. त्या कॅसेटींत हिंदी सिनेमांबरोबर पीटीव्हीचे ड्रामेही असत. हसीना मोईन यांनी लिहिलेला 'अनकही' हा १९८२ सालचा ड्रामा त्यांतलाच. त्याचे दिग्दर्शन शोएब मन्सूर आणि मोहसिन अली यांचे होते. कोकणातल्या ओटीवर बायका तो एकत्र बसून पाहत, तेव्हा दिग्दर्शकाच्या नावाशी कुणाला देणेघेणे नव्हते.

गाण्याच्या चित्रफितीत दिग्दर्शकाचे काम नेमके काय असते, हे आधी पाहावे लागेल. सिनेमात कथा असते, संवाद असतात, गाणे त्या कथेच्या आधाराने उभे राहते. चित्रफितीत गाणे आधीच पूर्ण झालेले असते. त्यात एक मात्राही कमीजास्त करता येत नाही. चित्रीकरणाच्या जागी ते मोठ्याने वाजवतात आणि गायक त्यावर ओठ हलवतो. दिग्दर्शकाच्या हाती उरते ते फक्त दृश्य, आणि तेही चार-पाच मिनिटांचे. शिवाय हिंदी सिनेमाने न विचारलेला एक प्रश्न त्याच्यापुढे असतो, तो म्हणजे गायकाच्या चेहऱ्याचे काय करायचे. फिरोज खान यांच्या 'कुर्बानी'त (१९८०) 'आप जैसा कोई' गायले नाझिया हसनने, पण पडद्यावर दिसली झीनत अमान. पार्श्वगायनाच्या आपल्या रीतीत त्यात वावगे काहीच नव्हते. मात्र पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आला आणि नाझिया व तिचा भाऊ झोहेब स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने लोकांपुढे आले. आता त्या मुलीला टीव्हीवर दाखवायचे तर कसे दाखवायचे?

हा प्रश्न त्या काळच्या पाकिस्तानात साधा नव्हता. १९७७ साली जनरल झिया-उल-हक सत्तेवर आले होते. टीव्ही एकच, तोही सरकारचा. पडद्यावर येणाऱ्या स्त्रियांनी डोक्यावर दुपट्टा घ्यावा असे फर्मान निघाले. मेहताब राशदी या निवेदिकेने ते मानले नाही आणि तिला पडद्यापासून दूर व्हावे लागले. पुरुषांच्या पाश्चात्त्य कपड्यांवर, लांब केसांवरही नजर होती. सरकारला गाण्यातल्या शब्दांइतकीच, किंबहुना अधिक, भीती गाण्याच्या दिसण्याची होती.

अशा वेळी १४ ऑगस्ट १९८७ रोजी, स्वातंत्र्यदिनी, पीटीव्हीवर 'दिल दिल पाकिस्तान' दिसले. वायटल साइन्स हा रावळपिंडी-इस्लामाबादकडच्या चार पोरांचा गट. जुनैद जमशेद गाणारा, रोहेल हयात कीबोर्डवर, शहजाद हसन बेसवर आणि नुसरत हुसेन गिटारवर. शब्द निसार नासिक यांचे. चित्रफीत शोएब मन्सूर यांची. तिच्यात कथा नाही, सेट नाही, नाचणारे कुणी नाही, पैसाही फारसा दिसत नाही. चार तरुण मोकळ्या हिरव्या टेकड्यांवर हिंडतात, सायकल आणि जीपवर बसतात आणि गातात. एवढेच.

पण या 'एवढेच' मध्ये बरेच काही होते. ती मुले जीन्समध्ये होती, हातात गिटार होती, आणि ती आनंदात होती. देशभक्तीचे गाणे म्हटले की गणवेश, संचलन, गंभीर चेहरे आणि आमीर-उमरावांचा इतिहास अशी सवय लागलेल्या पडद्यावर ही मुले शेजारच्या गल्लीतली वाटत होती. नुसते प्रेमगीत असते तर ते अडवता आले असते. पण ज्या गाण्याच्या नावातच देशाचे नाव आहे, ते अडवायचे कसे? देशभक्तीच्या पाठीवर बसून जीन्स सरकारी पडद्यावर आली, असे आम्हाला वाटते. ही युक्ती होती की सहजप्रवृत्ती, याचे उत्तर मन्सूर यांच्याकडून मिळण्याची आशा करू नये. मुलाखती टाळणारा, कॅमेऱ्यापासून स्वतः दूर राहणारा हा माणूस आहे. (दुसऱ्यांना चेहरा देणाऱ्याला स्वतःचा चेहरा लपवावासा वाटावा, ही गंमतच.) २००२ साली बीबीसीने जगभरातल्या श्रोत्यांची आवड घेतली, तेव्हा आपले 'वंदे मातरम्' दुसरे आले आणि 'दिल दिल पाकिस्तान' तिसरे.

मन्सूर यांना बंडखोर म्हणून डोक्यावर घ्यायलाही आम्ही तयार नाही. 'सुनहरे दिन' आणि 'अल्फा ब्रावो चार्ली' या त्यांच्या मालिका लष्कराच्या सहकार्याने झाल्या आणि त्यांत लष्कराची प्रतिमा उजळलेलीच दिसते. सरकारी पडद्यावर राहून जेवढे सरकता येईल तेवढे सरकायचे, ही त्यांची चाल. तिला मर्यादा होत्या. तरी १९८८च्या ऑगस्टमध्ये झिया विमान अपघातात गेले, बेनझीर आल्या, आणि मन्सूर यांनी 'म्युझिक एटी नाइन' हा कार्यक्रम काढला. सूत्रसंचालन नाझिया आणि झोहेबचे. धार्मिक पक्षांनी त्यावर गदारोळ केला. तक्रार कुठल्या ओळीबद्दल नव्हती. मुले-मुली एकत्र बसून गाणी ऐकतात, टाळ्या वाजवतात, हे दिसले, ही तक्रार होती.

चित्र शब्दांपेक्षा झोंबते याचा आणखी एक दाखला १९९६चा आहे. जुनून या गटाच्या 'एहतेसाब' या गाण्याच्या चित्रफितीत एक पोलोचा घोडा आलिशान हॉटेलात बसून जेवतो. आसिफ झरदारी यांच्या घोड्यांच्या गोष्टी लोकांच्या तोंडी होत्या. कुणाचे नाव घ्यावे लागले नाही, आणि पीटीव्हीने बंदी घातली.

त्याच सुमारास आपल्याकडेही उपग्रह वाहिन्यांमुळे हा धंदा वाढला. केन घोष यांनी १९९५ साली अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'त राजदरबार उभा केला, तर महेश मथाई लकी अलीला 'ओ सनम'साठी थेट इजिप्तला घेऊन गेले. मेहमूदचा हा मुलगा वाळवंटात उभा राहून गातो, तेव्हा त्या दृश्यात मुसलमानपणाचा उल्लेखही नाही, आणि आम्हाला ते तेव्हा फार बरे वाटले होते. टोपी, रुमाल आणि अत्तरदाणी यांखेरीज मुसलमान गायकाला पडद्यावर आणायचे नाही, अशी जी सवय कव्वालीच्या चित्रणाने लावली होती, ती एका दिग्दर्शकाने सहज मोडली.

मन्सूर पुढे चहाच्या एका ब्रँडच्या नावाने निघालेल्या 'इश्क' मालिकेकडे वळले. त्यातल्या 'अनारकली'त शबनम मजीदचा आवाज होता आणि इमान अलीचा चेहरा. भपका पुष्कळ होता. आमच्या मते हे त्यांचे सर्वांत चकचकीत आणि सर्वांत कमी आठवावेसे काम.

पण त्यांच्यापुढचा खरा पेच दुसरीकडून आला. ज्या जुनैदला त्यांनी टेकड्यांवर गाताना दाखवले होते, तोच तबलीगकडे वळला आणि २००४च्या सुमारास त्याने संगीत सोडले. दाढी राखली, वाद्ये टाकली, नात गाऊ लागला. संगीत हराम की हलाल, हा वाद आपल्याला नवा नाही. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ गात, आणि आजही उरुसात तिथे गाणे होते. बार्शीच्या अमर शेखांनी डफ हाती घेऊन महाराष्ट्र हलवला. त्याच गावांत, त्याच घरांत, ढोलकीचा आवाज आला की कानावर हात ठेवणारी माणसेही आम्ही पाहिली आहेत. जुनैदचा निर्णय प्रामाणिक होता, यात आम्हाला शंका नाही. ७ डिसेंबर २०१६ला चित्रालहून इस्लामाबादला येताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा त्याची जुनी गाणी ऐकणारे आणि त्याची नात ऐकणारे, दोघेही रडले.

मन्सूर यांनी त्या निर्णयाला उत्तर दिले ते 'खुदा के लिए' मधून. या चित्रपटामागे जुनैदचे संगीत सोडणे होते, हे त्यांनी लपवले नाही. २० जुलै २००७ला तो पाकिस्तानात लागला. लाल मशिदीची कारवाई संपून दहा दिवसही झाले नव्हते, आणि त्या मशिदीच्या विद्यार्थ्यांनी सीडीच्या दुकानांविरुद्ध मोहीम चालवलेली होती. आपल्याकडे तो एप्रिल २००८मध्ये आला. लाहोरचे दोन गायक भाऊ, त्यांतला धाकटा सरमद मौलाना ताहिरींचे ऐकून गाणे सोडतो आणि एका मुलीवर जबरदस्तीच्या निकाहात भागीदार होतो. शेवटी न्यायालयात नसीरुद्दीन शाह यांचे मौलाना वली हजरत दाऊद यांच्या कंठाची आठवण देतात: जो गुण अल्लाहने आपल्या पैगंबराला दिला, तो हराम कसा? ही दलील फिकहच्या जाणकारांना पुरेशी वाटणार नाही, हे आम्हाला कळते. पण आमच्या घरांत ज्या प्रश्नावर बोलणेच थांबते, त्यावर पडद्यावर एक दाढीवाला मौलाना शांतपणे बोलतो आहे, हे पाहणे आम्हाला मोलाचे वाटले.

त्यानंतर मन्सूर यांना शब्दांची गरज पडत नाही. शेवटच्या दृश्यात सरमद मशिदीत येतो. अंगात जीन्स आहे, डोक्यावर उलटी फिरवलेली क्रिकेटवाल्या पोरांसारखी टोपी. तो कानांशी हात नेतो आणि अजान देतो. वीस वर्षांपूर्वी टेकड्यांवर जी जीन्स दिसली होती, ती या वेळी मशिदीत आहे.