उसातल्या वाळवीचा 'हंगाम' कागदावर कसा आला?

मुक्ताईनगर (जुनं एदलाबाद) तालुक्यात उसावरच्या वाळवीचा, म्हणजे आपल्याकडच्या उधईचा, हंगामी प्रादुर्भाव मोजायचा तर पहिलं काम शेतात नाही, जुन्या नोंदींत आहे.

वाळवीवरचं सुरुवातीचं लिखाण पिकाबद्दल नव्हतंच. 1779 मध्ये योहान कोनिगने तंजावरकडच्या वाळवीबद्दल लिहिलं, 1781 मध्ये हेन्री स्मीथमनने आफ्रिकेतल्या. दोघांचं मुख्य लक्ष वारुळावर आणि आतल्या राजा-राणीवर. पुढे 1906 आणि 1909 मध्ये मॅक्सवेल-लेफ्रॉयची भारतीय किडींवरची पुस्तकं आली. तोवर कीटकांकडे शेतीचं नुकसान म्हणून बघणं सुरू झालं होतं.

उसाबाबत एक ठरावीक चित्र पुस्तकांत दिसतं: लावणीनंतर एप्रिल ते जून बेण्याला, आणि पुन्हा ऊस पक्व होताना. हे उत्तर भारतातल्या फेब्रुवारी-मार्चच्या लावणीला बरोबर बसतं. आपल्याकडे मात्र आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीत लागते. म्हणजे मे महिना एकच, पण तीन शेतांत उसाचं वय तीन प्रकारचं! वाळवी कॅलेंडर बघत नाही. जमीन कोरडी पडली की ती टिपरीच्या कापलेल्या टोकातून आत शिरते, गर खाते, पोकळीत माती भरते. डोळे फुटत नाहीत, फुटलेले कोंब वाळतात.

मग हा प्रश्न इतकी वर्षं मागे का पडला? कारण आल्ड्रिन. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली ही पावडर लावणीच्या वेळी सरीत टाकली की झालं. जमिनीत तिचं डायल्ड्रिन होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. एकदा टाकून काम भागतंय, तर वाळवी कोणत्या महिन्यात येते हे कोण मोजत बसणार? पण तेच टिकाऊपण महागात पडलं. हे विष जनावरांच्या चरबीत, दुधात साठू लागलं. भारताने 1996 मध्ये आल्ड्रिन, क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोरवर बंदी घातली. 2001 च्या स्टॉकहोम करारात ही तिन्ही नावं आहेत.

नंतरची क्लोरपायरीफॉस, इमिडाक्लोप्रिड ही औषधं जमिनीत तेवढी टिकत नाहीत. त्यामुळे 'कधी?' हा प्रश्न परत आला. औषधाने झाकलेला प्रश्न बंदीने उघडा केला, असं म्हणायला हरकत नाही.

आता याचा तुमच्या प्रबंधाशी संबंध. जुना तक्ता हातात आला की चार गोष्टी शोधा: लावण कोणती, जमीन कशी, पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर किती, आणि त्या जमिनीत आधी काय टाकलं होतं. आल्ड्रिन पडलेल्या शेतात वाळवी कमी दिसली, तर तो हंगामाचा पुरावा नाही. पहिल्या पावसानंतर उडणारी पंखांची वाळवी म्हणजेही नुकसानीचा कळस नव्हे. ते तिचं प्रजनन.

तापी-पूर्णेच्या काठची खोल काळी जमीन ओल धरते, मुरमाड हलकी जमीन लवकर वाळते. एकाच तालुक्यात या दोन्हींची सरासरी काढून 'मुक्ताईनगरचा हंगाम' लिहिला, तर तो आकडा कुठल्याच शेतकऱ्याच्या उपयोगाचा राहणार नाही. म्हणून तक्त्यात महिन्याच्या शेजारी उसाचं वय आणि जमिनीतला ओलावा, हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.