घोड्याचा दाणा, माणसाची न्याहारी

कुळथाला इंग्रजीत ‘हॉर्स ग्रॅम’ म्हणतात, म्हणजे घोड्याचा हरभरा. दक्षिणेत इंग्रजांचे घोडे कुळथावर पोसले जात, त्यावरून हे नाव पडले. त्याच कुळथाची पिठी भातावर घेऊन कोकणातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या, त्यात हिंदू घरे होती तशी मुसलमानांचीही होती. आता उलट बाजू पाहा. खुद्द इंग्लंडमध्ये घोड्याला जो दाणा घालत तो ओट, आणि तोच आज चकचकीत पाकिटातून आपल्या स्वयंपाकघरात आला आहे. कुणाला साखरेचा आजार निघाला, कोलेस्टेरॉल वाढले, की डॉक्टर सांगतात, सकाळी ओट्स खा. माझ्या अम्मीलाही सांगितले. महिन्याचा किराणा मी भरतो, त्यामुळे या दाण्याचा इतिहास शोधायला मला पोटापेक्षा खिशाने जास्त भाग पाडले.

ओट हे मुळात शेतातले तण. पश्चिम आशियात माणसाने गहू आणि सातू पेरायला सुरुवात केली तेव्हा ओट त्यांच्यात आगंतुकासारखा उगवत होता. ही पिके उत्तरेच्या थंड, ओल्या मुलखात गेली. तिथे गव्हाचा जीव गुदमरू लागला आणि हे तणच जोमाने वाढले. शेतकऱ्याने व्यवहार पाहिला आणि तणालाच पीक मानले. स्कॉटलंडमध्ये नेमके हेच झाले. उन्हाळा थोडा, पाऊस फार, जमीन आंबट. अशा जागी ओट तग धरतो.

म्हणजे ओट स्कॉटलंडमध्ये स्वस्त होता तो त्याच्यातल्या कुठल्या गुणामुळे नव्हे. तो दाराशी पिकत होता म्हणून स्वस्त होता. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

पिकला तरी खाण्याजोगा करायला मेहनत पडे. ओटमध्ये इतर धान्यांच्या मानाने चरबी जास्त असते आणि नुसता दळला तर पीठ लवकर कडवट, खवट होते. म्हणून आधी भट्टीवर वाळवायचा, मग टरफल काढायचे, मग जात्यावर भरडायचा. ती भरड पाण्यात शिजवून मीठ घातले की पॉरिज झाले. चूल पेटवायलाही सवड नसेल तर भरडीवर कढत पाणी ओतायचे, त्याला ब्रोज म्हणत. साखर नाही, सुका मेवा नाही. दूध असले तर बाजूला वाटीत.

झाँ ल बेल नावाचा बखरकार 1327 मध्ये इंग्रज फौजेबरोबर स्कॉट लोकांविरुद्धच्या मोहिमेत होता. स्कॉट स्वार आपल्याबरोबर एक लोखंडी तवा आणि ओटच्या पिठाची पिशवी बाळगतात, विस्तवावर तवा ठेवून त्यावर पातळ भाकरीसारखे काही भाजून खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे वाचताना मला हिजरी 2 मधली एक मोहीम आठवली. बद्रच्या लढाईनंतर अबू सुफियानची तुकडी मदीनेच्या परिसरात छापा घालून पळाली आणि ओझे हलके करण्यासाठी सवीकच्या थैल्या वाटेत टाकत गेली. त्यावरून त्या मोहिमेचे नावच गझवा-ए-सवीक पडले. सवीक म्हणजे भाजून दळलेल्या धान्याचे, बहुधा सातूचे पीठ. आपल्याकडचे सातूचे पीठ त्याच जातीचे. वाळवंट असो की स्कॉटलंडचा चिखल, ज्याला लांब जायचे आहे आणि चूल मांडायला वेळ नाही, त्याची शिदोरी सारखीच निघते.

शेतमजुराची मजुरीही ओटमध्येच मिळे. स्कॉटलंडच्या अनेक भागांत नांगऱ्याला पैशांशिवाय वर्षाला साधारण साडेसहा बोल ओटचे पीठ आणि दूध देत. एक बोल म्हणजे 140 पौंड, सुमारे 63 किलो. वर्षाचा हिशेब 400 किलोंच्या वर जातो. माझे आजोबा गावचे मुलाणी होते. खळ्यावर रास झाली की बलुत्याची ज्वारी आमच्या घरी येई, आणि वर्षभर घरात काय शिजणार हे त्या पोत्यांवरून ठरे. त्यामुळे हा साडेसहा बोलांचा हिशेब मला परका वाटला नाही. विद्यार्थ्यांचेही तेच. गरीब घरची मुले विद्यापीठात पिठाची पिशवी घेऊन येत, आणि ती संपली की घरी जाऊन पुन्हा भरून आणता यावी म्हणून सोमवारची एक सुट्टी असे. ‘मील मंडे’ म्हणत तिला.

आणि या अन्नाची टिंगल किती झाली! सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशात ओटचा अर्थ देताना चिमटा काढला, की इंग्लंडमध्ये हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये यावर माणसे जगतात. तो इंग्रज होता, सोडून देऊ. पण अॅडम स्मिथ तर स्वतः स्कॉट. त्यानेही 1776 च्या ग्रंथात लिहिले, की ओट खाणारी स्कॉटलंडची सामान्य माणसे गव्हाचा पाव खाणाऱ्या इंग्रजांइतकी बळकट आणि देखणी नसतात. शिकून मोठा झालेला माणूस आपल्याच गावच्या ताटाकडे परक्याच्या नजरेने कसा पाहू लागतो, त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही. आपल्या घरांतही पाहुणे आले की भाकरी आत राहते आणि मैद्याचे पाव बाहेर येतात.

ज्यांच्यावर बेतली त्यांच्यासाठी मात्र ही चेष्टा नव्हती. 1846 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाटा कुजला आणि उपासमार सुरू झाली. भाव चढले, तरी व्यापारी धान्य जहाजांत भरून बाहेर पाठवतच होते. 1847 च्या सुरुवातीला ईशान्य किनाऱ्यावरच्या बंदरांत लोकांनी ही जहाजे अडवली, सैन्य बोलावले गेले, विक गावाच्या बंदरवस्तीत गोळीबारही झाला. डोंगराळ भागात मदतमंडळाने रस्ते बांधायची कामे काढली आणि पुढे दिवसभराच्या कामाला एक पौंड पीठ असा दर ठेवला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्यांच्या नातवंडांना हा दर समजावून सांगायला नको.

मग हा दाणा प्रतिष्ठित झाला कधी? अमेरिकेत, आणि खोक्यामुळे. फर्डिनंड शूमाकर हा जर्मनीहून आलेला माणूस ओहायोतल्या अॅक्रन गावात ओट दळून विकत असे. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे त्याच्यासारखेच परदेशातून आलेले लोक, कारण बाकीच्या अमेरिकनांच्या लेखी ओट घोड्याचाच होता. 1877 मध्ये जवळच्या रॅव्हेना गावातल्या एका गिरणीने ‘क्वेकर’ हे नाव आणि चित्र नोंदवून घेतले. क्वेकर हा साध्या राहणीचा आणि सचोटीचा ख्रिस्ती पंथ, पण गिरणीचा त्या पंथाशी संबंध नव्हता, नाव तेवढे घेतले. (धर्माच्या नावाने विश्वास विकण्याची युक्ती आपल्या बाजारातच निघाली असे कुणी समजू नये.) पुढे हेन्री क्रोवेलने ती गिरणी घेतली. पिंपातून मोकळा विकला जाणारा माल त्याने छापील खोक्यात घातला, खोक्यावर कृती छापली, भरपूर जाहिरात केली. दाणा वाफवून रुळाखाली चपटा केल्याने तो लवकर शिजू लागला. 1901 मध्ये क्वेकर ओट्स कंपनी उभी राहिली, आणि जो दाणा शेर-पायलीने मिळे तो नावाने मिळू लागला.

विज्ञानाची मोहोर नंतर उमटली. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, शिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच. रोज 3 ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, हे मान्य करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापू दिला. पुढे काही वर्षांनी तीच मुभा सातूलाही दिली. ही दुसरी बातमी आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही, कारण सातूला जाहिरात करणारे कुणी नव्हते.

वास्तविक आपल्या परंपरेत सातूचे स्थान केवढे! ह. आयेशा (र.) आजारी माणसाला आणि घरात मयत झालेल्या दुःखी माणसांना तलबीना द्यायला सांगत, असे बुखारीत आहे. तलबीना म्हणजे सातूच्या पिठाची पातळ खीर. दुधासारखी पांढरी दिसते म्हणून ‘लबन’वरून ते नाव. प्रेषितांच्या (स.) काळी मदीनेत पीठ चाळायला चाळणी नसे, दळून फुंकर मारत, उडेल तो कोंडा उडे, उरलेले मळून घेत, हेही हदीसमध्येच आहे. आज ज्याला ‘होल ग्रेन’ म्हणून जादा पैसे घेतात ते हेच.

आता खिशाकडे येतो. आमच्या बाजारात साधे ओट्स किलोमागे ज्वारीच्या तिप्पट-चौपट भावाने पडतात, आणि मसाला घातलेली छोटी पाकिटे तर किलोच्या हिशेबाने पाहूच नयेत. महाराष्ट्रात ओट पिकतो, पण तो बहुतेक हिरवा कापून गुरांना घालतात. स्कॉटलंडच्या गरिबाला तो परवडला म्हणून आपल्यालाही परवडेल, हा हिशेब चुकीचा आहे. तरीही मी तो घरातून हद्दपार केला नाही. पाच मिनिटांत होतो, आणि सहरीच्या वेळी पाच मिनिटांची किंमत घरातल्या बायकांना विचारा. फक्त मसाल्याचे आणि साखरेचे पाकीट बंद केले. साधे चपटे ओट्स, माणशी 40 ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर. त्यातून दीड-दोन ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळते. अडीचपट पाणी, मीठ, कांदा, कोथिंबीर. हे आठवड्यातून दोनदा. दोन दिवस सातूच्या पिठाचा तलबीना, अम्मीसाठी मधाशिवाय. बाकीचे दिवस नाचणीची आंबील किंवा रात्रीची भाकरी कुस्करून ताकात. कुळथाची पिठी रविवारी, कारण ती ढवळत उभे राहावे लागते आणि रविवारी ते काम माझ्याकडे असते.