दाढेवरची पोकळी : हायमोर ते पनवेल
१/ कामोठे-खारघरची दंत महाविद्यालये पनवेल तालुक्यातच आहेत. तिथे वरची दाढ बसवायला गेलेल्या रुग्णाला कधी सांगितले जाते : “हाड कमी आहे, सायनस लिफ्ट करावी लागेल.” या दोन शब्दांमागे साडेतीन शतकांचा इतिहास आहे.

२/ सन १६५१. इंग्रज वैद्य नॅथॅनिअल हायमोर यांनी एका स्त्रीची हकीकत छापली. वरचा सुळा काढल्यावर तिच्या जखमेतून सतत स्राव वाही. तिने आत चांदीची सळई घातली, मग पिसाची काडी. काडी जवळजवळ पूर्ण आत गेली आणि ती मेंदूला पोहोचली या भयाने बाई गर्भगळित झाली. वरच्या जबड्यात मुळातच पोकळी असते, हे हायमोर यांनी तिला समजावले. त्या पोकळीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. लिओनार्दो द विंचीने ती दीडशे वर्षे आधीच चितारली होती. पण त्याची चित्रे अप्रकाशित राहिली.

३/ दाढ पडली की तिच्याभोवतीचे हाड झिजते आणि वरची पोकळी खाली उतरते. मग स्क्रू रोवायला काही मिलिमीटरच हाड उरते.

४/ हाड उसने घेण्याची कल्पना जुनीच. १६६८ मध्ये डच शल्यवैद्य योब फान मेकरेन यांच्या ग्रंथात एका रशियन सरदाराची नोंद आली. त्याच्या फुटलेल्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवले गेले. जखम भरली, पण चर्चने त्याला बहिष्कृत केले.

५/ १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट रुजलेले आढळले. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाला पहिले इम्प्लांट बसवले. वरच्या दाढांची जागा मात्र अवघडच राहिली.

६/ सायनसच्या आजारासाठी कॉल्डवेल (१८९३) व ल्यूक (१८९७) जबड्याची बाजूची भिंत उघडत. १९७० च्या दशकात अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी सायनसचे अस्तर अलगद वर उचलून खाली हाड भरले. १९८० मध्ये बॉइन व जेम्स यांनी कमरेचे हाड वापरून ही पद्धत प्रसिद्ध केली.

७/ परंतु कमरेचे हाड म्हणजे दुसरी जखम. मग दात्याच्या हाडाचा पर्याय पुढे आला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. दान मिळालेले हाड स्वच्छ करून, गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यासाठीचे ‘आयसोमेड’ केंद्र ट्रॉम्बेला, म्हणजे पनवेलहून खाडीपलीकडे आहे.

८/ आज स्वतःचे, दात्याचे, गोवंशाच्या हाडापासून केलेले आणि कृत्रिम असे चारही पर्याय वापरात आहेत. त्या सरदाराचा पेच म्हणूनच जुना झालेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी “हे हाड कुणाचे?” असे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. श्रद्धा, आहार, खर्च या साऱ्यांचा विचार त्या उत्तरानंतरच करता येतो.