आंतरजाल आणि नोंदव्यवस्था : कराड परिसर

जगभरातील संगणकांना समान संकेतनियमांनुसार परस्परांशी जोडणाऱ्या जाळ्यास आंतरजाल अथवा इंटरनेट असे म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेट या जाळ्यातून (१९६९) त्याचा उगम झाला व १९८३ मध्ये त्याचे आजचे संकेतनियम रूढ झाले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांस खुले केले. महानगरांत आंतरजाल पत्रव्यवहार, वृत्ते व व्यापार यांचे साधन म्हणून पसरले. कृष्णा-कोयना संगमावरील कराड व तेथून दक्षिणेस वारणेच्या खोऱ्यापर्यंतचा सातारा-सांगली जिल्ह्यांतील ऊसपट्टा यांत मात्र त्याचा प्रवेश मुख्यत्वे दोन नोंदींच्या द्वारे झाला : कारखान्याकडील उसाची नोंद आणि तलाठ्याकडील जमिनीची नोंद. नोंद कोणी ठेवावी, ती कोणास दिसावी आणि तिच्यावर सही कोणाची चालावी, या तीन प्रश्नांभोवती या भागातील तंत्रविद्या, खाजगीपणा, कायदा व रोजगार यांतील बदल फिरताना दिसतात.

या परिसरास नोंदीची परंपरा जुनी आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८८० (इ. स. ९५९) मधील ताम्रपट कराड येथे सापडला असून त्यात एका शैव आचार्यास गाव दान दिल्याची नोंद आहे. पुढे गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या हाती राहिले. १९५० च्या अधिनियमाने परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तिच्याखालील नियम यांनी गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) यांना आजचे स्वरूप दिले. हे दोन्ही मिळून होणारा ‘सातबारा’ हा शेतकऱ्याच्या व्यवहाराचा पाया होय. पीककर्ज, वारसाहक्क, खरेदी-विक्री, पाणीपरवाना यांपैकी काहीही त्यावाचून पुढे सरकत नाही. ज्याच्या कपाटात हे दप्तर, त्याचा गावात दबदबा, ही वस्तुस्थिती कुलकर्ण्याच्या काळी होती व तलाठ्याच्या काळीही फारशी बदलली नाही.

ऊसनोंद व वारणा प्रकल्प : कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, यशवंतनगर येथील सह्याद्री, वाळवा तालुक्यातील राजारामबापू पाटील इ. सहकारी साखर कारखान्यांमुळे या भागात सातबाऱ्याच्या जोडीने दुसरे एक दप्तर उभे राहिले. सभासदाने उसाची लागण केली, की तिची तारीख, जात व क्षेत्र यांची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात होते. या तारखेनुसार तोडणीचा क्रम ठरतो. क्रम चुकला व ऊस फडात राहिला, तर त्यास तुरे येतात, वजन घटते आणि पुढील पीकही मागे पडते. फडातून गाडी भरली, की चिटबॉय पावती देतो, कारखान्याच्या काट्यावर वजन होते आणि त्या वजनावर ऊसबिल निघते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत किंमत चुकती करणे कारखान्यावर बंधनकारक असून उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. अर्थात या हक्काचा सारा आधार म्हणजे एक लहानशी वजनपावती. ती हरवणे, उशिरा मिळणे वा तीवरील आकड्याविषयी संशय येणे ही ऊसपट्ट्यातील नित्याची तक्रार होती. काटामारीचा वाद आजही अधूनमधून उद्‌भवतो.

या ठिकाणी आंतरजालाचा पहिला मोठा प्रयोग झाला. १९९८ मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील सहकारी संकुलाभोवती कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन व वारणा समूह यांचा त्यात सहभाग होता. गावोगावी संगणक-केंद्रे उघडावयाची व त्यांद्वारे बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, आरोग्य, रोजगार आणि जमिनीचे उतारे यांची माहिती ग्रामस्थांस द्यावयाची, अशी मूळ योजना होती. त्या काळी देशात याची पुष्कळ वाखाणणी झाली. प्रत्यक्षात मात्र यांतील बहुतेक उद्दिष्टे कागदावरच राहिली आणि केंद्रांचा उपयोग जवळजवळ सर्वस्वी ऊसनोंद, तोडणीपरवाने, वजनाचे आकडे व खतवाटप यांसाठीच होऊ लागला. काही अभ्यासकांनी यावरून प्रकल्प फसल्याचा निष्कर्ष काढला. तो पुरतेपणी न्याय्य वाटत नाही. शेतकऱ्याने आपल्याला काय हवे ते निवडले होते : दूरच्या जगाची माहिती नव्हे, तर आपल्याच उसाचे वजन. ते गावात, कारखान्यावर हेलपाटा न घालता कळणे यातच त्याला मोल होते.

पुढील घटनेने हे स्पष्ट झाले. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधन शाखेने वारणा परिसरातील सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणक-केंद्राऐवजी साध्या लघुसंदेशाद्वारे भ्रमणध्वनीवर तीच माहिती पुरविण्यात आली. संगणकाद्वारे होणारी सर्व कामे या पद्धतीने होऊ शकली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनी तिला अधिक पसंती दिली. आंतरजालाचा मोठा खटाटोप मागे पडून भ्रमणध्वनी पुढे आला, तो पुढे देशभर घडलेल्या स्थित्यंतराच्या कित्येक वर्षे आधी. आता राज्यातील अनेक कारखान्यांत गाडी काट्यावरून उतरताच वजनाचा संदेश सभासदाच्या हातातील यंत्रावर येतो. संदेशाने काट्यावरील अविश्वास संपत नाही, कारण काटा कारखान्याचा व संदेशही कारखान्याचाच. परंतु वादास तारीख, वेळ व आकडा असलेला लेखी आधार मिळतो, हा लाभ लहान नव्हे.

सातबाऱ्याचे संगणकीकरण : भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांत होता. २००८ मध्ये तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले व पुढील दशकात ‘ई-फेरफार’ प्रणाली राज्यभर लागू झाली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला, की त्याची सूचना जाळ्यावरून तलाठ्याकडे जाते. तो फेरफार नोंदवितो, हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत मिळते आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. क्रम जुनाच आहे. बदलले ते हे, की प्रत्येक पायरीची वेळ यंत्रात उमटते व मागील तारखेने नोंद घुसडणे अवघड होते.

हे संक्रमण सुखाचे झाले नाही. हस्तलिखित उताऱ्यांतील दशकांच्या चुका, गटांची न जुळणारी क्षेत्रे, मयत खातेदारांची नावे, नजरचुकीने गळलेले हिस्सेदार हे सर्व यंत्रात जसेच्या तसे उतरले व वर टंकलेखनातील नव्या चुकांची भर पडली. हाताने लिहिलेल्या उताऱ्यावरील चूक गावाला ठाऊक असे व व्यवहारात सांभाळून घेतली जाई. यंत्राला असे सांभाळून घेणे येत नाही. म्हणून २०१७ मध्ये शासनास राज्यभर ‘चावडी वाचन’ हाती घ्यावे लागले. संगणकावरील सातबारा गावाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावयाचा व खातेदारांनी चुका सांगावयाच्या, अशी ही मोहीम होती. शेकडो वर्षांच्या जुन्या रीतीने नव्या यंत्राची तपासणी व्हावी, ही गोष्ट या इतिहासात विशेष लक्षणीय होय. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे आंतरजालावर मिळू लागले. प्रत्येकी १५ रुपये शुल्क भरून ते कोठूनही काढता येतात. फेरफाराच्या नोटिशींसाठी शासनाने उघडलेल्या संकेतस्थळास ‘आपली चावडी’ हेच नाव देण्यात आले.

पिकांच्या नोंदीतही उलथापालथ झाली. पीकपाहणी शेतात न जाता चावडीत बसून लिहिली जाते, असा आक्षेप पूर्वापार होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’द्वारे शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र व स्थान भ्रमणध्वनीवरून नोंदवावे अशी व्यवस्था झाली. नमुना बारा लिहिण्याचा अधिकार प्रथमच कुळाच्या वा मालकाच्या हाती आला. परंतु अधिकाराबरोबर ओझेही आले. पाटण व शिराळा तालुक्यांच्या डोंगरी पश्चिम भागात, जेथे भ्रमणध्वनीची कक्षा तुटक आहे, तेथे तसेच वृद्ध खातेदारांच्या बाबतीत ते विशेष जाणवते. नोंद राहिली, तर नुकसानभरपाई व शासकीय खरेदी यांत अडचण येते. पुढे नोंदणीसाठी गावपातळीवर सहायक नेमण्याची पाळी आली.

कायदा : कागदावरील सही व शिक्का यांस असलेले स्थान माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० (अंमल १७ ऑक्टोबर २०००) याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास व डिजिटल स्वाक्षरीस दिले. न्यायालयात असा अभिलेख पुरावा म्हणून दाखल करताना मात्र विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. या विषयावरील निर्णायक वाद महाराष्ट्रातीलच आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला काय हे निवडणूक कचेरीतील चित्रफितीवरून ठरवावयाचे होते व प्रमाणपत्र देण्यास अधिकारी राजी नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. मात्र प्रयत्न करूनही ते न मिळाल्यास न्यायालयामार्फत मागविता येईल, असेही स्पष्ट केले. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ (अंमल १ जुलै २०२४) यात हे तत्त्व कायम आहे.

नोंद जाळ्यावर गेली, की जाळे बंद करण्याचा अधिकारही अधिक व्यापक होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे दंगल उसळली व तीत एकाचा बळी गेला. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील आंतरजाल सेवा काही काळ खंडित करण्यात आली. अशा बंदीस तेव्हा १८८५ च्या तार अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांचा आधार होता. बंदीचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे व ती प्रमाणबद्ध असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात (२०२०) सांगितले होते. अफवा रोखण्याची निकड खरी असली, तरी १९९८ साली असा आदेश निघता, तर त्याने केवळ काही कचेऱ्यांचे काम अडले असते. आता त्यासरशी बँक, उतारा, पीकनोंद व बाजारभाव हे सर्वच थांबतात.

खाजगीपणा : सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या वा बँकेच्या कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. तो गुप्त कधीच नव्हता, गावात कोणावर किती कर्ज हे सर्वांस ठाऊकच असते. तथापि गावाला ठाऊक असणे आणि गट क्रमांक टाकून कोणाही परक्यास पाहता येणे यांत अंतर आहे. पुण्यात नोकरीस असलेल्या भावास आपल्या हिश्श्याची खातरजमा घरबसल्या करता येते, भावकीत परस्पर झालेला फेरफार वेळीच लक्षात येतो, हा उघडेपणाचा लाभ. त्याच उघडेपणामुळे अडचणीतील कुटुंबाची जमीन हेरणे जमीनदलालास सोपे होते, ही त्याची दुसरी बाजू. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले व त्यापुढील टप्पा म्हणून डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. परंतु कायद्याने बंधनकारक म्हणून सार्वजनिक केलेल्या माहितीस तो लागू होत नाही. अधिकार अभिलेख याच वर्गात मोडेल असे दिसते. त्यामुळे ज्या नोंदीत ग्रामीण कुटुंबाची सर्वाधिक माहिती आहे, तीच या संरक्षणाबाहेर राहण्याचा संभव आहे.

रोजगार : दप्तराच्या स्थलांतराबरोबर कामाचे स्वरूप पालटले. हस्ताक्षर व गावकीचे ज्ञान हे तलाठ्याचे पूर्वीचे भांडवल, आता त्यास संगणक व जोडणी यांवर अवलंबून राहावे लागते. प्रणालीच्या मंद गतीविरुद्ध तलाठी संघटनांनी वेळोवेळी आंदोलनेही केली. २०२४ मध्ये या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले. तालुक्याच्या गावी कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाची जागा ‘आपले सरकार’ सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणाने घेतली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (स्थापना २००१) एमएस-सीआयटी या पाठ्यक्रमाचे वर्ग बाजारपेठेच्या गावांतून निघाले व शासकीय लिपिकाच्या नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज केवळ आंतरजालावरूनच स्वीकारण्यात आले, तेव्हा शेतकऱ्यांच्या रांगा चावडीपुढे नव्हे, तर या केंद्रांपुढे लागल्या. मध्यस्थ नाहीसा होईल ही अपेक्षा त्यामुळे खरी ठरली नाही. तो फक्त बदलला, आणि नव्या मध्यस्थाच्या हाती आधार क्रमांक, बँक खाते व अंगठ्याचा ठसा असा पूर्वीच्या अर्जनविसाकडे कधीच नसलेला ऐवज आला.

ऊसपट्ट्यातील एक मोठा वर्ग या दोन्ही दप्तरांबाहेर आहे. दर हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, तोडणीसाठी येणाऱ्या मजुरांचे नाव सातबाऱ्यावर नसते, कारण जमीन त्यांची नव्हे. कारखान्याच्या संगणकात फड, वाहन, वजन व मुकादमाचा करार यांची नोंद असते, तोडणाऱ्या जोडप्याची, म्हणजे ‘कोयत्या’ची, नावनिशीवार नोंद सहसा नसते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनेत २०२१ पासून ग्रामसेवकांमार्फत या मजुरांची नोंदणी करून त्यांस ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. हंगामापूर्वी घेतलेली उचल, तोडलेल्या टनांतून झालेली तिची फेड व अखेरीस राहिलेली बाकी यांचा हिशेब मात्र अजूनही बव्हंशी मुकादमाच्या वहीतच लिहिला जातो.